तुळजापूरच्या वाटेवरील दोन मोटारी

सोलापूरहून तुळजापुरास जातांना वाटेंत तामलवाडी लागते. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत सोलापूर मुंबई इलाख्यांत, तर हें गांव निजामाच्या राज्यांत होतें. गांवापुढें तुळजापूरचा घाट आहे. आणि मोटारीची पारख रंगावरून होत नाहीं, घाटांत होते. म्हणून दोन काळांतल्या दोन गाड्या आम्हीं कल्पनेनें येथें आणून उभ्या केल्या आहेत : फोर्डची ‘टी’ व कुर्ल्याची पद्मिनी.

‘टी’चा जन्म १९०८ चा. इंजिन सुमारें २.९ लिटरचें, पण शक्ति अवघ्या वीस घोड्यांची. पुढें हँडल मारून तें सुरू करावें लागे. हँडल उलट फिरलें तर मनगटाची धडगत नसे. पेट्रोलची टाकी बैठकीखालीं. पंप नव्हताच, तेल आपल्या वजनानेंच इंजिनाकडे उतरे. टाकींत तेल कमी असून चढ तीव्र लागला, कीं इंजिन टाकीहून उंच जाई आणि उपाशी राही. यावर चालकांनीं युक्ति काढली ती मोठी मौजेची : गाडी फिरवावी आणि चढ पाठमोरा चढावा ! भवानीच्या दर्शनास पाठ करून जाणें भाविकांस कितपत रुचलें असतें, कोण जाणे.

पद्मिनीचें इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, म्हणजे निम्म्याहून लहान. तरी शक्ति सुमारें दुप्पट. तेलास पंप असल्यानें ती घाट सरळ तोंडानें चढे.

यंत्रांत पद्मिनी सरस, हें उघड आहे. पण १९०९ सालीं ८५० डॉलरांची ‘टी’ १९२५ त २६० डॉलरांवर आली, ती अमाप गाड्या निघाल्या म्हणून. आमच्याकडे काय झालें ? सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं मोटारीचा ध्यास घेतला. युद्धकाळांत परक्या सरकारनें त्यांस हात दिला नाहीं. तरी १९४४ सालीं प्रीमियर कंपनी उभी राहिली. वालचंद १९५३ त वारले. पुढल्याच वर्षीं फियाट ११०० तेथें बनूं लागली, व १९७४ सालीं तिला पद्मिनी हें नांव मिळालें. मात्र किती गाड्या काढाव्या हें आतां स्वकीय सरकारचा परवाना ठरवी, आणि गिऱ्हाइकानें नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी ! परक्यांच्या नकारापेक्षां आपल्यांची ही मोजून दिलेली परवानगी आम्हांस अधिक खुपते.

मुंबईंत २००३ सालीं नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरांत बंद झाली.