द्विपक्षी खेळांची उकल : नियम, अस्तित्व आणि गणन

प्रस्तावना : ज्या खेळात दोन खेळाडू आळीपाळीने चाल करतात, पट दोघांनाही पूर्ण दिसतो आणि दैवाला वाव नसतो, तेथे दोन्ही पक्ष निर्दोष खेळल्यास शेवट काय होईल, हा प्रश्न विसाव्या शतकात गणिताचा विषय झाला. मात्र ‘खेळ सुटला’ याचा अर्थ सर्वत्र एकच राहिला नाही. त्या अर्थांतराचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नियम : हार्वर्ड विद्यापीठातील चार्ल्स बूटन यांनी १९०१ मध्ये ‘निम’ या खेळाचा संपूर्ण सिद्धांत मांडला. या खेळात कोणत्याही एका राशीतून हव्या तितक्या काड्या उचलावयाच्या असतात व शेवटची काडी उचलणारा जिंकतो. राशींतील संख्या द्विमान पद्धतीने एकाखाली एक लिहाव्यात आणि आपल्या चालीनंतर प्रत्येक स्तंभात १ हा अंक सम वेळा यावा, हा विजयाचा नियम होय. ३, ४ व ५ काड्यांच्या राशी असता पहिलीतून दोन काड्या उचलल्या की हे साधते. येथे उत्तर आणि मार्ग दोन्ही एकत्र मिळतात.

अस्तित्व : अर्न्स्ट झर्मेलो यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बुद्धिबळाचा विचार केला. पांढऱ्याचा विजय, काळ्याचा विजय किंवा बरोबरी यांपैकी एकच फल निश्चित असते, हा निष्कर्ष आज त्यांच्या नावाने ओळखला जातो; ते फल कोणते, हे त्यातून कळत नाही. ‘हेक्स’ या खेळात पहिल्या खेळाडूपाशी विजयाचा मार्ग असतोच, हे जॉन नॅश यांनी १९४० च्या दशकात सिद्ध केले. पण तो मार्ग त्या सिद्धतेतून हाती येत नाही.

गणन : कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे जोनाथन शेफर व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये आरंभलेले काम २००७ मध्ये पूर्ण होऊन ‘चेकर्स’ निर्दोष खेळात बरोबरीत सुटतो, असे सिद्ध झाले. त्यासाठी दहा किंवा कमी सोंगट्यांच्या सुमारे ३९ लाख कोटी स्थितींचे फल संगणकाने नोंदविले होते. येथे मार्गही मिळाला. परंतु निमसारखा आटोपशीर नियम हाती लागला नाही.

समारोप : बूटन यांची सिद्धता वर्गात फळ्यावर पडताळता येते, चेकर्सची सिद्धता तपासण्यास पुन्हा यंत्रच लागते. म्हणून एखादा खेळ ‘सुटला’ असे शिकविताना त्याचे अस्तित्व सिद्ध झाले, नियम सापडला की केवळ गणन पूर्ण झाले, हे विद्यार्थ्यांपुढे स्पष्ट करणे आवश्यक ठरते.