‘निःशस्त्र’ नावाचा विषारी मासा

वाशीसारख्या समुद्रापासून दूरच्या तालुक्यात विंचू म्हटला की माळावरचा दगड आठवतो. तो उलटताना हात जपावा, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. समुद्रातील काही माशांनाही त्यांच्या विषारी काट्यांमुळे विंचूमासे म्हणतात. त्यांपैकी एका अल्पपरिचित माशाची ओळख कशी पटली, ते आपण पाहू.

मुंबईच्या गोदीत १८८१ साली ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षणाचे जहाज बांधले गेले. समुद्राची खोली मोजून नकाशे तयार करणे हे त्याचे मुख्य काम. जहाजावरील डॉक्टरकडेच निसर्गअभ्यासकाचेही काम असे. १८८८ साली या पदावर आल्फ्रेड अल्कॉक आले. तळावरून ओढलेल्या जाळ्यात चिखलाबरोबर जे प्राणी येत, ते निवडून जपून ठेवले जात. १८८८-८९ च्या हंगामात बंगालच्या उपसागरात मिळालेल्या एका माशाचे वर्णन अल्कॉक यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केले व त्याला ‘मिनूस इनर्मिस’ हे नाव दिले.

अशी ओळख रंगावरून पटत नाही, कारण मद्यार्कात रंग उडून जातो. त्यासाठी टिकणाऱ्या खुणा हव्यात. अंगावर खवले नाहीत आणि छातीजवळच्या पराची सर्वांत खालची काडी एखाद्या बोटासारखी सुटी आहे, या खुणांवरून ‘मिनूस’ ही प्रजाती ओळखता येते. जाती ठरवताना पाठीवरच्या काट्यांची संख्या, लांबी यांसारख्या गोष्टी तपासाव्या लागतात.

१८९२ मध्ये अल्कॉक यांनी आणखी एक नवल नोंदवले. या माशाच्या त्वचेवर हायड्राच्या नात्यातील प्राण्यांची वसाहत होती! पुढे १९७९ मध्ये एश्मायर, हॅलाकर आणि के. व्ही. रामाराव यांनी संपूर्ण ‘मिनूस’ प्रजातीचा नव्याने आढावा घेतला, तेव्हाही अल्कॉक यांची जाती टिकून राहिली.

‘इनर्मिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे निःशस्त्र! पण या माशाच्या पाठीवरचे काटे विषारी असतात. उलट ‘मिनूस मोनोडॅक्टिलस’ या त्याच्या भावंडाचे नाव सुट्या काडीला साजेसे, ‘एकबोट्या’ असे आहे. म्हणजे नाव ही केवळ चिठ्ठी. ती वर्णन करीलच असे नाही. नावावर विसंबून जाळ्यातील मासा, मेलेला असला तरी, हाताळला तर काटा टोचायचा तो टोचतोच.

काटा टोचल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम, पण ४५ अंश सेल्सियसपेक्षा अधिक गरम नसलेल्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवतात. हे विष प्रथिनांचे असल्याने उष्णतेने त्याचा जोर कमी होतो. रुग्णाला डॉक्टरकडे मात्र न्यायलाच हवे.

तळ्यातला एखादा मासा वर्गात आणून त्याच्या पराच्या काड्या मुलांना मोजायला सांगा. नाव नंतर विचारू. आधी खुणा पाहू.