विद्यार्थ्यांचें वृत्तपत्र

शाळेचें संमेलन संपतें, नाटकाचा पडदा उतरतो, भिंतीवरचीं चित्रें काढून कपाटांत ठेवलीं जातात, आणि आठ-पंधरा दिवसांत त्या उत्सवाची आठवण फिकी होते. ती टिकावी म्हणून एखादा विद्यार्थी कागद पुढें ओढून लिहूं लागला, म्हणजे शालेय वृत्तपत्र जन्मास येतें. हा उद्योग दिसावयास लहान, परंतु महाराष्ट्रांत त्याचा इतिहास बराच जुना आहे.

१८४८ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनीं आपल्या अध्यापकांच्या साहाय्यानें एक सभा स्थापिली. उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा ही तिची मराठी शाखा. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे या शाखेचे अध्यक्ष होते. सभासदानें निबंध लिहावा आणि तो सर्वांसमक्ष वाचावा, असा तेथील क्रम. या सभेचें 'मराठी ज्ञानप्रसारक' हें मासिक १८५० पासून १८६७ पर्यंत चाललें. मासिक थांबलें, तरी सभा थांबली नाहीं. १८७२ सालीं काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं 'नावल व नाटक' यांविषयींचा आपला निबंध याच सभेपुढें वाचला. ज्या काळीं कादंबरी व नाटक हीं केवळ वेळ घालविण्याचीं साधनें समजलीं जात, त्या काळीं त्यांच्या गुणदोषांचा विचार गंभीरपणें झाला, तो विद्यार्थ्यांनीं उभारलेल्या व्यासपीठावर, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

पुढें १८९० सालीं हरि नारायण आपटे यांनीं पुण्यास 'करमणूक' पत्र सुरू केलें, आणि मराठी घरांतून नियतकालिक वाचण्याची गोडी वाढली. पनवेलीस १७ सप्टेंबर १८८५ रोजीं जन्मलेले केशव सीताराम ठाकरे हे त्या पिढींतले. त्यांनीं शाळकरी वयांतच 'विद्यार्थी' नांवाचें लहानसें पत्र काढलें. पुढें चित्रकला, छायाचित्रण, वक्तृत्व व नाट्यलेखन अशा अनेक क्षेत्रांत ते वावरले. १९२१ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं 'प्रबोधन' सुरू केलें आणि तेव्हांपासून महाराष्ट्र त्यांना प्रबोधनकार म्हणूं लागला. कला आणि वृत्तपत्र यांच्या वेगळ्या चुली त्यांनीं कधीं मांडल्या नाहींत.

योगायोग असा कीं, कोंकणांतच पालगड येथें जन्मलेल्या दुसऱ्या एका लेखकानेंही पुढें हेंच नांव निवडलें. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ सालीं खानदेशांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले. तेथील छात्रालयांतील मुलांसाठीं ते एक दैनिक स्वतःच्या हातानें लिहून काढीत. १९२८ सालीं त्यांनीं 'विद्यार्थी' मासिकही सुरू केलें. छापखाना नाहीं, वर्गणी नाहीं, जाहिरात नाहीं, असें तें हस्तलिखित दैनिक मुलें आवडीनें वाचीत. परंतु १९३० सालीं सत्याग्रहांत पडण्यासाठीं साने गुरुजींनीं नोकरी सोडली, आणि दैनिक लिहिणारा हातच छात्रालयांतून निघून गेला.

या दोन कथा शेजारीं ठेविल्या म्हणजे शालेय वृत्तपत्राचें मर्म उमगतें. एका हाताचें पत्र कितीही जिव्हाळ्याचें असो, तें त्या हाताबरोबर जातें. मंडळाचें पत्र मात्र एकाकडून दुसऱ्याकडे सोंपवितां येतें. आजचा वाचक उद्यांचा लेखक होतो. शिक्षकानें मुलांसाठीं लिहावें हें थोरच. पण मुलांना लिहावयास बसवावें, हें त्याहून चिरस्थायी.

मुलांच्या लिहिण्यांत एक अवघड परीक्षाही आहे. नाटकांत शेजारच्या बांकावरचा मित्र असतो, चित्र वर्गांतल्याच मुलीनें काढलेलें असतें. केवळ वाहवा लिहिली तर पत्र खोटें ठरतें. केवळ दोष दाखविले तर मैत्री दुखावते. चित्रांतील रंग कोठें साधला आणि भाषणांतील वाक्य कोठें अडखळलें, हें न दुखवितां सांगण्यासाठीं आधीं नीट पाहावें लागतें. हें पाहणें शिकविणारा तास शाळेच्या वेळापत्रकांत क्वचितच सांपडतो.

प्रबोधनकारांच्या जन्मगांवीं आज वासुदेव बळवंत फडके यांच्या नांवाचें नाट्यगृह उभें आहे. तेथील प्रयोग पाहून घरीं परतलेल्या एखाद्या मुलानें आपल्या वहींत चार प्रामाणिक ओळी लिहिल्या आणि त्या दुसऱ्यास वाचावयास दिल्या, तर एल्फिन्स्टनच्या त्या विद्यार्थ्यांनीं आरंभिलेलें काम पुढें गेलें असेंच म्हणावें लागेल.