ड्रॉपडाउन यादीतील टॅगदोष : पनवेल तालुक्याच्या नामयादीसंदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

संकेतस्थळावरील अर्जात 'जिल्हा', 'तालुका', 'गाव' या रकान्यांपुढे उघडणारी ड्रॉपडाउन यादी आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही इतिहास असू शकतो, हे सहसा ध्यानात येत नाही. संगणकशास्त्राच्या वर्गात तिचा उल्लेख होतो तो बहुधा एक टॅग म्हणून; आणि तोही टॅग चालेनासा झाला म्हणजे. यादी रिकामी येते, पान उघडण्याऐवजी दोषसंदेश येतो, किंवा वापरणाऱ्याने निवडले एक आणि नोंदले गेले भलतेच, असे घडते. या दोषांकडे विद्यार्थ्याच्या हातून झालेली किरकोळ चूक म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तो पुरेसा नाही. हे दोष दोन वेगवेगळ्या इतिहासांतून उद्भवतात. एक इतिहास वेबच्या रचनेचा आहे, तर दुसरा ज्या वस्तूंची यादी करावयाची त्या वस्तूंचा. दुसऱ्या इतिहासाचे उदाहरण म्हणून प्रस्तुत निबंधात पनवेल तालुक्याचा विचार केला आहे. कारण गेल्या दीडशे वर्षांत येथील स्थळनामे आणि प्रशासकीय हद्दी जितक्या वेळा बदलल्या, तितक्या महाराष्ट्रातील फार थोड्या तालुक्यांत बदलल्या असतील.

अर्जाचा टॅग आणि विस्मरणशील व्यवहार

टिम बर्नर्स-ली यांच्या मूळ वेबमध्ये अर्ज भरून देण्याची सोय नव्हती. अर्ज भरून घेण्याची सोय १९९३ च्या सुमारास मोझॅक या ब्राउझरमधून रूढ झाली आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत 'सिलेक्ट' व 'ऑप्शन' हे टॅग विधिवत नमूद झाले. त्या नियमात एक लहानसे कलम होते : कोणताही पर्याय आधी निवडलेला म्हणून दर्शविला नसेल, तर यादीतील पहिला पर्याय निवडला आहे असे धरावे. १९९७ च्या चौथ्या आवृत्तीने हे कलम काढून घेतले आणि अशा वेळी काय करावे हे अनिर्णित ठेवले, कारण निरनिराळे ब्राउझर निरनिराळे वागत होते. पुढे एचटीएमएल ५ ने एकपर्यायी ड्रॉपडाउनसाठी पहिल्या पर्यायाचा नियम पुन्हा आणला. हे कलम दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्याचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

वेबची दुसरी मूलभूत प्रकृती म्हणजे विस्मरण. एचटीटीपी या व्यवहारपद्धतीत प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. सर्व्हरने उत्तर दिले की त्याच्या लेखी तो व्यवहार संपला. १९९४ मध्ये नेटस्केपने कुकीची युक्ती काढली आणि त्यामुळे माणूस ओळखता येऊ लागला. तरीही आधीच्या पानावर कोणती यादी दाखविली होती, हे सर्व्हर आपोआप ध्यानात ठेवीत नाही. ब्राउझर परत पाठवितो तो केवळ निवडलेला एक पर्याय. ज्या यादीतून तो निवडला, ती यादी परत येत नाही. ड्रॉपडाउनसंबंधीच्या दोषांपैकी मोठा वर्ग या एका वस्तुस्थितीतून निर्माण होतो.

फ्रेमवर्क आणि बोलके दोष

१९९६ मधील एएसपी आणि १९९९ मधील जेएसपी या तंत्रांत पान तयार करणारी आज्ञावली पानातच लिहिली जाई. यादी आणणे आणि ती दाखविणे ही दोन्ही कामे शेजारी शेजारी होत. दिसायला ते गबाळे होते, पण यादी हरवण्याचा संभव त्यात कमी होता. क्रेग मॅक्लॅनहन यांनी रचलेले स्ट्रट्स हे फ्रेमवर्क २००० मध्ये ॲपाची प्रतिष्ठानाकडे आले आणि २००१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याने माहिती, मांडणी आणि नियंत्रण यांची फारकत केली. शिस्त आली, आणि शिस्तीबरोबर एक नवा दोषही आला.

त्याची रीत अशी. अर्जाचे पान प्रथम मागितले जाते तेव्हा 'ॲक्शन' नावाचा घटक गावांची यादी विदागारातून आणतो आणि त्या विनंतीपुरती टांगून ठेवतो. पानातील सिलेक्ट टॅग ती उचलतो. सर्व सुरळीत चालते. मग वापरणारा अर्ज भरतो आणि समजा, पिनकोडचा एक अंक गाळतो. स्ट्रट्स ॲक्शनला बोलावण्यापूर्वीच अर्जाची तपासणी करतो. तपासणी फसली की तो ॲक्शनला वगळून थेट अर्जाच्या पानाकडे परततो. पान पुन्हा उघडू पाहते, टॅग यादी मागतो; पण ही नवी विनंती आहे आणि यादी आणणारा घटक या खेपेस चाललाच नाही. 'अमुक नावाचे बीन सापडत नाही' असा संदेश येतो. वापरणाऱ्याची चूक पिनकोडात होती, संदेश मात्र गावाच्या यादीविषयी येतो. नवशिका आज्ञावलीकार स्वाभाविकपणे टॅगच तपासत बसतो. टॅग निर्दोष असतो.

स्ट्रट्सची दुसरी पिढी २००७ मध्ये आली. ती वेबवर्क या वेगळ्या वंशातली. पण तेथेही हाच दोष केवळ शब्द बदलून अवतरला : मागितलेली यादी कोणत्याही संग्रहाच्या स्वरूपात ओळखता आली नाही. २००९ च्या एएसपी डॉट नेट एमव्हीसीमध्ये तो तिसऱ्या शब्दांत भेटतो. रूबी ऑन रेल्समध्येही, अर्ज नामंजूर होऊन तेच पान पुन्हा दाखविताना यादी नव्याने न भरल्यास, हीच गत होते. चार फ्रेमवर्क आणि रोग एक. उपायही सर्वत्र एकाच जातीचा आहे : पान कोणत्याही वाटेने उघडो, यादी भरण्याचे काम त्या वाटेवर पडलेच पाहिजे. स्ट्रट्सच्या पहिल्या पिढीत परतीचा मार्ग थेट पानाकडे न ठेवता यादी आणणाऱ्या ॲक्शनकडे वळवावा लागतो. दुसऱ्या पिढीत त्यासाठी 'प्रिपेअर' ही पायरी आहे. स्प्रिंगमध्ये 'मॉडेल ॲट्रिब्यूट' अशी खूण केलेली पद्धत प्रत्येक विनंतीपूर्वी चालते. यादी सत्रात साठवून ठेवण्याचा सोपा मार्गही पुष्कळजण घेतात. तो चालतो, मात्र शिळी यादी दीर्घकाळ दाखविण्याचा धोका त्यात असतो.

मूक दोष

वरील दोष त्रासदायक असले तरी प्रामाणिक आहेत. ते ओरडून सांगतात, काम थांबते. अधिक अनर्थकारक दोष मूक असतो, आणि शिक्षणक्रमात त्याला मिळणारे स्थान त्याच्या अनर्थाच्या मानाने फारच थोडे आहे.

२००२ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटने विस्मरणावर वेगळा तोडगा काढला. संपूर्ण यादीच 'व्ह्यूस्टेट' नावाच्या गुप्त रकान्यात घालून पानाबरोबर पाठवायची आणि परत घ्यायची. यादी हरवणे थांबले. परंतु पान उघडताना यादी भरण्याची आज्ञा लिहिणाऱ्याने 'पान पहिल्यांदाच उघडत आहे काय' ही अट घातली नाही, तर अर्ज परत आल्यावर यादी पुन्हा भरली जाते, वापरणाऱ्याची निवड पुसली जाते आणि पहिला पर्याय तिच्या जागी बसतो. दोषसंदेश येत नाही. अर्ज 'यशस्वीरीत्या' जतन होतो.

रायगड जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांच्या यादीत पहिले नाव अलिबाग. मराठी वर्णक्रम घ्या वा रोमन, पहिले तेच. म्हणजे पनवेलच्या अर्जदाराने 'पनवेल' निवडावे आणि नोंद अलिबागला व्हावी, असे या दोषाचे स्थानिक रूप होय. अलिबाग हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असल्याने त्या नावाच्या नोंदी अधिक असणे कोणासही संशयास्पद वाटत नाही. संशोधकाने अशा विदागारातून तालुकावार कोष्टक काढले, तर कोष्टक व्यवस्थित दिसेल आणि चुकीचे असेल. शिष्यवृत्तीचा वा प्रवेशाचा अर्ज असेल, तर छाननीत बाद होणारा विद्यार्थी आपण काय चुकलो याचा शोध घेत राहील. त्याच्या बाजूने काहीही चुकलेले नसते. १९९५ च्या कलमाचा परिणाम म्हणावयाचा तो हा. त्यावर यादीच्या शिरोभागी 'तालुका निवडा' असा अर्थशून्य पर्याय ठेवणे आणि तो आल्यास अर्ज न स्वीकारणे हा जुना, साधा आणि आजही सर्वोत्तम उपाय आहे. यादी चुकून पुन्हा भरली गेली तरी खोटा तालुका नोंदला न जाता अर्ज अडतो. मूक दोषाला वाचा फुटते.

न थांबणारी यादी

आतापर्यंत यादी स्थिर आहे असे गृहीत धरले. पनवेलच्या बाबतीत ते गृहीतक टिकत नाही.

पनवेल हा तालुका प्रथम ठाणे जिल्ह्यात होता. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याचे वर्णन आढळते. १८८३ मध्ये तो कुलाबा जिल्ह्यात गेला. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचे नामांतर रायगड असे झाले. त्यापूर्वी पनवेलात जन्मलेल्या व्यक्तीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'जिल्हा कुलाबा' असते. 'जन्माचा जिल्हा' विचारणाऱ्या ड्रॉपडाउनमध्ये कुलाबा नसतो. दाखल्यात आहे तसेच भरावे ही सूचना आणि यादीतूनच निवडावे ही सक्ती, या दोहोंच्या कात्रीत अर्जदार सापडतो. शिवाय आज कुलाबा म्हटले की मुंबईचे दक्षिण टोकच डोळ्यांपुढे येते.

जुनी कागदपत्रे संगणकात उतरविताना कोणी 'कुलाबा' हा शब्द जसाच्या तसा साठविला असेल, तर ती नोंद दुरुस्तीसाठी उघडताक्षणी एएसपी डॉट नेटचा सुपरिचित दोष उपस्थित होतो : निवडलेले मूल्य यादीत अस्तित्वात नाही. येथे टॅगचे म्हणणे अक्षरशः खरे असते. ऑप्शन टॅगला दोन अंगे असतात, दिसणारे नाव आणि पाठविले जाणारे मूल्य. दोन्हीकडे नावच ठेवण्याच्या सवयीतून हा दोष येतो. नावाच्या जागी संकेतांक ठेवला, तर नामांतर झाले तरी नोंद अबाधित राहते. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद यांची आणि २०२४ मध्ये अहमदनगरची नावे बदलली, तेव्हा याचे महत्त्व नव्याने प्रत्ययास आले. मात्र संकेतांकानेही सर्व भागत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. ते नामांतर नव्हते, विभाजन होते. जुनी नोंद कोणत्या भागात टाकावी हे गाव पाहिल्याशिवाय ठरत नाही.

विभाजनाहूनही बिकट प्रश्न एकमेकांवर पडलेल्या हद्दींचा आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नव्या शहराची आखणी झाली. १९९२ पासून कारभार पाहणाऱ्या नवी मुंबई महानगरपालिकेत मात्र पनवेलच्या बाजूच्या वसाहती आल्या नाहीत. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल नगरपालिकेचे रूपांतर १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिकेत झाले, आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहती तिच्यात समाविष्ट झाल्या. खारघरचा रहिवासी टपालाच्या पत्त्यात 'नवी मुंबई' लिहितो, कर पनवेल महानगरपालिकेस भरतो, जमिनीची नोंद पनवेल तालुक्यात पाहतो. 'शहर' या एका रकान्यात त्याने काय निवडावे? एकच निवडा असे बजावणारा सिलेक्ट टॅग येथे तांत्रिकदृष्ट्या बिनचूक असूनही प्रश्नच चुकीचा विचारतो.

जमिनीच्या नोंदींत विभाग, जिल्हा, तालुका, गाव अशी एकमेकांवर अवलंबून असणारी यादींची साखळी असते. तेथे गावाचे नाव पूर्ण असावे लागते. तळोजे मजकूर आणि तळोजे पाचनंद ही दोन वेगळी महसुली गावे आहेत. नुसते 'तळोजे' निवडून कोणाचाच सातबारा मिळावयाचा नाही. साखळीतील पुढची यादी ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टने भरली, तर २००५ नंतरच्या एएसपी डॉट नेटमध्ये आणखी एक दोष संभवतो. सर्व्हरने स्वतः न पाठविलेला पर्याय परत आला की ती प्रणाली त्याला घुसखोर समजून नाकारते. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच; पण दोष काय आहे हे न उमजता ती तपासणी सरसकट बंद करणे, हा पुष्कळांनी पत्करलेला उपाय मुळीच योग्य नाही. अशा वेळी गावांची यादी सर्व्हरकडूनच भरवून घ्यावी, किंवा आलेला संकेतांक त्या तालुक्यातील आहे काय हे सर्व्हरवर पुन्हा ताडून पाहावे.

लिपीचा भाग

मराठी यादीत आणखी एक पदर आहे. टॉमकॅट या जावा सर्व्हरच्या आठव्या आवृत्तीपूर्वी पत्त्याच्या ओळीतून येणारा मजकूर मुळात पश्चिम युरोपीय वर्णसंचाने वाचला जाई; त्यामुळे 'पनवेल' हे मूल्य पाठविले की पलीकडे निरर्थक चिन्हे उमटत आणि यादीतील कोणत्याही पर्यायाशी ती जुळत नसत. येथेही दोषी ठरे तो टॅगच. ही अडचण वर्णसंच स्पष्टपणे नमूद केल्याने सुटते. क्रमाची अडचण तशी सुटत नाही. युनिकोडच्या अंकक्रमात 'ळ' हा 'ल' व 'व' यांच्या मध्ये येतो. मराठी वर्णमालेत तो 'ह' नंतर आहे. 'क्ष' आणि 'ज्ञ' मराठी मुलाला शेवटी शिकविले जातात. यंत्र त्यांना 'क' आणि 'ज' यांच्या घरात बसविते. विदागाराला मराठी क्रमाचा नियम सांगितला नसेल, तर पळस्पे शोधणारा वाचक जेथे पाहील तेथे ते नसते, आणि लांब यादीत न सापडलेले गाव हे नसलेल्या गावासारखेच.

नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल परिसरातील दहा गावांचे स्थलांतर झाले आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. विस्थापित कुटुंबांपैकी अनेकांसाठी पुष्पकनगरची नवी वसाहत आखली गेली. त्यांच्या जुन्या फेरफारांत, वारसनोंदींत आणि मुलांच्या दाखल्यांत मूळ गावांची नावे आहेत. अर्जाची नवी यादी रचणाऱ्याने ती नावे वगळावीत, की 'पूर्वीचे गाव' असा वेगळा रकाना ठेवून जपावीत, हे कोणतेही फ्रेमवर्क सांगत नाही; ते महसूल दप्तर उघडून, नोंदी वाचून ठरवावे लागते.