बान्ह सेओ, घावन आणि बारामतीचा कोरडा तवा

तापलेल्या तव्यावर पातळ पीठ पडले की मराठीत ‘चर्र’ होते. व्हिएतनामी भाषेत त्याच आवाजाला ‘सेओ’ म्हणतात आणि तिथल्या सारण भरलेल्या तांदळाच्या धिरड्याचे नावही त्यावरूनच पडले : बान्ह सेओ. तांदळाचे पीठ, हळद, नारळाचे दूध; आत कोलंबी, डुकराचे मांस, मुगाचे मोड; आणि अर्धगोल घडी. पिवळा रंग पाहून त्यात अंडे असावे असे अनेकांना वाटते. तो रंग केवळ हळदीचा.

आज हा पदार्थ बारामती-इंदापूरच्या घरात सहज करता येतो, कारण तांदूळ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. दीडशे वर्षांपूर्वी तो इतका सहज नव्हता. पुणे जिल्ह्याचा भात पश्चिमेला, मावळ-मुळशी-भोरकडे पिकतो. पूर्वेचे हे दोन तालुके पर्जन्यछायेतले. वर्षाकाठी पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर. येथील रोजचे ताट ज्वारी-बाजरीचे. भात सणाचा, पाहुण्यांचा, नाहीतर सुखवस्तू वाड्यांतला.

पण ज्वारी आणि तांदूळ यांची अडचण एकच आहे. दोहोंत गव्हाचा चिवटपणा, म्हणजे ग्लुटेन, नाही. पुरणपोळीचा उंडा पुरण पोटात घेऊन लाटला जातो, तो या चिवटपणाच्या बळावर. ज्वारीच्या पिठात असे सारण भरून ते लाटू गेल्यास ते फाटते. म्हणून ते गरम पाण्यात मळून थापतात आणि पिठले वेगळे वाढतात. तांदळावर दोन तोडगे निघाले : पिठाची उकड काढून मोदक वळणे, किंवा पीठ पातळ करून तव्यावर ओतणे. कोकणातले घावन दुसऱ्या वाटेचे. बान्ह सेओही त्याच वाटेचे, एवढेच की ते सारण पोटात कोंडत नाही; वर पसरून घडी घालते.

कोरड्या पठारालाही ओतण्याची कला जुनीच ठाऊक आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘धोसक’ नावाचा तव्यावरचा पदार्थ आहे. आजच्या डोशाचा हा पूर्वज मानला जातो; पण त्यात तांदूळ नाही, केवळ डाळी आहेत.

मग पाणी आले. १८७६–७७ च्या भीषण दुष्काळात नीरा डावा कालवा दुष्काळी काम म्हणून हाती घेण्यात आला आणि १८८५ मध्ये तो वाहता झाला. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणामुळे दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आली. मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली. एवढ्या किमतीचे ते पाणी भाताकडे मात्र वळले नाही. ते उसाकडे गेले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे हा मुलूख साखरेचा झाला. ताटात भाकरी राहिली.

या मातीशी नाते असलेले एक घराणे मात्र भाताच्या देशात जाऊन राज्य करू लागले. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांचे नातू व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले. कावेरीचे खोरे म्हणजे भाताचे कोठारच. दुसरे सरफोजीराजे (१७९८–१८३२) यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे मराठी हस्तलिखित तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले आहे. मराठी स्वयंपाकाचा दक्षिणेशी घडलेला संसार पाहायचा तर तिथे पाहावा.

व्हिएतनामशी मात्र असा धागा जोडण्याचा मोह टाळावा. शिवचरित्रातून व्हिएतनामी नेत्यांनी युद्धाची प्रेरणा घेतली, ही समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरणारी कथा विश्वसनीय पुराव्याशिवायच फिरते आहे. घावन आणि बान्ह सेओ यांचेही साम्य एकाच धान्याने दोन किनाऱ्यांवर घातलेल्या एकाच कोड्यामुळे असू शकते. तेवढे पुरेसे रंजक आहे.

कृती घावनाच्या सरावाला सोपी. इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ टाळून जुना, मोकळा शिजणारा घ्यावा. पिठात हळद, मीठ, नारळाचे दूध व पाणी घालून ते ताकासारखे पातळ करावे. तांदूळ तळाशी बसतो, म्हणून दर वेळी ओतण्याआधी ढवळणे आवश्यक. बिडाचा तवा कडकडीत तापवून तेलावर कांदा व कोलंबी परतावी (शाकाहारी घरात वाफवलेली मुगाची डाळ चालते, ती मूळ पदार्थातही असते), त्यावर पीठ फिरवावे, मोड पसरावेत, मिनिटभर झाकावे. झाकण काढल्यावर घाई करू नये : कडा आपोआप सुटेपर्यंत उलथणे लावले की धिरडे फाटलेच. मग घडी घालून, कोथिंबीर-पुदिन्यासह हिरव्या पानात गुंडाळून खावे.

सोबतच्या पातळ चटणीत व्हिएतनामी लोक माशाचा खारट अर्क, लिंबू, लसूण, मिरची आणि साखर घालतात. बारामतीत अर्काऐवजी मीठ व चिंचेचा कोळ चालून जातो, आणि साखरेच्या जागी नीरेच्या पाण्यावर वाढलेल्या उसाचा गूळ.