किती दिवस? : एका पुडीचा इतिहास

मागचं व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्या बाईंनी मला गाठलं आणि विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, मग हे औषधांचं खूळ कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर माझ्या उजव्या गुडघ्यात आहे.

दीड वर्षापूर्वी हा गुडघा दुखायला लागला. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मीच एक वेदनाशामक गोळी आणली. सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. रक्तदाबाच्या दोन गोळ्या आधीपासून चालू होत्याच, त्यातली एक लघवी वाढवणारी. अडीच महिने असे गेले. मग नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन 1.1 वरून 1.8 वर गेलेलं निघालं. आमचे डॉक्टर तरुण आहेत. मी त्यांना लगेच सांगितलं, की डोस अगदी पाकिटावर लिहिलाय तेवढाच घेत होतो. ते म्हणाले, "काका, डोस नाही विचारला मी. किती दिवस घेतलीत?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. विषाबद्दल आपण सगळे पॅरासेल्ससचं म्हणणं सांगतो. सोळाव्या शतकातला हा वैद्य म्हणतो, की सगळीच द्रव्यं विष आहेत, मात्रा ठरवते काय विष आणि काय नाही. ठीक. पण मात्रा म्हणजे किती, हे तो सांगतो. किती काळ, हे त्या वाक्यात येत नाही. आणि वेदनाशामकांच्या इतिहासात फसगत वारंवार झाली ती नेमकी इथे. त्यातली एकच कथा आज सविस्तर सांगतो. फेनासेटिनची.

1886 साल, स्ट्रासबुर्ग. कान आणि हेप हे दोन तरुण डॉक्टर जंतांवर उपाय म्हणून एका रुग्णाला नॅफ्थलीन देत होते. जंत काही गेले नाहीत, पण ताप उतरला. चौकशी केली तर बाटलीत नॅफ्थलीन नव्हतंच! चुकून दुसराच पदार्थ आला होता, ॲसिटॅनिलाइड. तो 'अँटिफेब्रिन' या नावाने बाजारात आला. स्वस्त होता, गुणकारी होता, पण काही रोग्यांचे ओठ आणि नखं निळी पडायला लागली. म्हणजे इथे दुष्परिणाम डोळ्यांना दिसत होता. हे लक्षात ठेवा.

बायर ही तेव्हा रंग बनवणारी कंपनी. रंगांच्या धंद्यात पॅरानायट्रोफेनॉल नावाचा एक पदार्थ नको इतका उरायचा. त्यापासून ॲसिटॅनिलाइडचा सौम्य भाऊबंद तयार करता येईल असं तिथल्या रसायनशास्त्रज्ञांना सुचलं, आणि 1887 च्या सुमारास फेनासेटिन आलं. याने ओठ निळे पडण्याचं प्रमाण पुष्कळच कमी होतं. म्हणून ते 'सुरक्षित' ठरलं. कशाच्या तुलनेत? ॲसिटॅनिलाइडच्या. आणि कोणत्या कसोटीवर? जी इजा आधीपासून माहीत होती, तिच्याच कसोटीवर. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही पळवाट चटकन दिसायला हवी, पण डोकं दुखत असताना न्यायशास्त्र कुणाला आठवतं!

पुढची साठ-सत्तर वर्षं फेनासेटिन जगभर खपलं. बहुतेक ठिकाणी ते एकटं नसायचं. ॲस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफीन अशी मिसळ असायची. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना 'एपीसी'ची गोळी आठवत असेल. ती अक्षरं म्हणजे हीच तीन नावं.

आता स्वीडनला चला. हुस्कवार्ना नावाचं गाव, बंदुकांच्या कारखान्यामुळे वाढलेलं. 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा तिथल्या योर्टन नावाच्या डॉक्टरांनी एक पुडी सुरू केली. तीत साधारण अर्धा ग्रॅम फेनासेटिन, अर्धा ग्रॅम फेनाझोन आणि थोडं कॅफीन. साथ गेली, पुडी राहिली. कामगारांना वाटायचं, पुडी घेतली की हात झरझर चालतात. कॉफीच्या सुट्टीत पुडी, पाळी सुरू होताना पुडी. गावातल्या या सवयीचा पुढे अभ्यास झाला, त्यात वाढदिवसाला पुड्यांचं पाकीट भेट देत असल्याचीही नोंद आहे. आपण पेढ्यांचा पुडा देतो तसं. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही, कारण पुडी घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी ठणठणीत कामावर हजर असायचा.

बर्ट्रांड रसेलने एका कोंबडीचं उदाहरण दिलं आहे. तिला रोज सकाळी दाणे टाकणारा हातच एके दिवशी तिची मान मुरगळतो. तोवर तिचा रोजचा अनुभव मात्र तिच्या विश्वासाला दुजोराच देत असतो. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. हुस्कवार्नाच्या कामगाराचा अनुभव याच जातीचा होता. शिवाय कॅफीनची एक खोडी आहे: ते सुटलं की डोकं दुखतं. मग त्या दुखण्यावर पुन्हा पुडीच.

1953 मध्ये झुरिकच्या स्प्यूलर आणि झोलिंगर यांनी लक्ष वेधलं, की मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट, हळूहळू वाढणाऱ्या विकाराचे रुग्ण वाढत आहेत आणि त्यातले बरेच जण वर्षानुवर्षं वेदनाशामक घेणारे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांच्या कारखान्यांतून बारीक काम करणाऱ्या बायका या गोळ्या फार घ्यायच्या. एक साधा हिशेब करून बघा. पुडीत अर्धा ग्रॅम, दिवसाला दोन पुड्या, म्हणजे रोज एक ग्रॅम. पाच-साडेपाच वर्षांत दोन किलो! डॉक्टर रुग्णांच्या आयुष्यातला एकूण साठा खरोखरच किलोंत मोजायला लागले. कुठल्याही एका दिवसाची मात्रा चूक नव्हती. आणि मूत्रपिंड हा मुका अवयव आहे. पोट बोलतं, जळजळतं. मूत्रपिंड निम्म्याहून जास्त निकामी झालं तरी कळू देत नाही.

पण पुरावा कसा मिळवायचा? लोकांना विचारलं तर ते खरं सांगत नाहीत. मीही माझ्या डॉक्टरांना आधी "महिनाभर झाला असेल" असंच म्हटलं होतं. बासेलच्या दुबाख यांनी यावर फार चांगली युक्ती काढली. 1968 पासून त्यांनी कारखान्यांतल्या, वरवर निरोगी असलेल्या स्त्रियांची लघवी तपासली. फेनासेटिन शरीरात गेल्यावर त्याचं दुसऱ्या एका द्रव्यात रूपांतर होतं, ते लघवीत सापडतं. ज्यांच्यात ते सापडलं अशा सहाशेच्या वर स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या तेवढ्याच इतर, अशा दोन गटांवर त्यांनी वीस वर्षं लक्ष ठेवलं. मूत्रपिंडाचे आजार आणि त्यांतून आलेले मृत्यू पहिल्या गटात स्पष्टपणे जास्त निघाले. एकट्या फेनासेटिनचा दोष किती आणि मिसळीचा किती, यावर तज्ज्ञांचे वाद नंतरही चालले, आणि माझ्या मते ते सगळेच फिजूल नव्हते. स्वीडनने मात्र वाद मिटायची वाट न पाहता 1961 मध्येच ते चिठ्ठीशिवाय विकणं बंद केलं. अमेरिकेतून ते जायला 1983 उजाडलं.

ते लघवीतलं द्रव्य कोणतं, ठाऊक आहे? पॅरासिटामॉल. कोविडमध्ये आपण घरोघरी घेतली तीच गोळी. ती 1893 मध्येच फोन मेरिंग यांनी माणसांवर तपासली होती. पण तिनेही रक्त थोडं निळसर होतं असा त्यांचा समज झाला. बहुधा नमुन्यात भेसळ होती. त्या एका शेऱ्यावर ती अर्धं शतक बाजूला पडली. 1949 मध्ये ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवलं, की फेनासेटिनचा गुण मुख्यतः त्यापासून शरीरात बनणाऱ्या या पॅरासिटामॉलचाच असतो. ॲक्सेलरॉडकडे तेव्हा पीएचडीसुद्धा नव्हती, नोबेल मात्र 1970 मध्ये मिळालं. (आमच्यासारख्या पीएचडीवाल्यांनी हे अधूनमधून आठवावं.) म्हणजे बरा पर्याय हाताशी होता, तो चुकीच्या भीतीने टाकला आणि धोक्याचा पर्याय चुकीच्या धीराने उचलला.

पॅरासिटामॉल तरी निर्दोष आहे का? 1966 मध्ये स्कॉटलंडमधून अतिमात्रेने यकृत निकामी झाल्याच्या नोंदी आल्या. इथे घात करते ती मात्रा. धडधाकट प्रौढ माणसाला दिवसाला चार ग्रॅम ही वरची मर्यादा. 650 च्या सहा गोळ्या झाल्या की संपली. सर्दीच्या गोळीतही तेच द्रव्य असतं, ते हिशेबात धरायचं राहून जातं. यकृत आधीच दुबळं असेल किंवा दारूची सवय असेल, तर मर्यादा आणखी खाली येते.

आणि काळाचा प्रश्न विसाव्या शतकाबरोबर संपला नाही. जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं, की ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. या द्रव्यांमुळे दुखतं, पण तीच जठराच्या अस्तराला जपतात आणि वय झालेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही चालू ठेवतात. माझ्या गुडघ्याचं आणि क्रिएटिनिनचं नातं ते हे, त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांनी भर घातली. मग जठराला न दुखावणारी गोळी म्हणून 1999 मध्ये व्हायॉक्स आलं. पाच वर्षांत, सप्टेंबर 2004 मध्ये, कंपनीला ते जगभरातून मागे घ्यावं लागलं, कारण तीन वर्षांसाठी आखलेल्या चाचणीत हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. धोका 18 महिन्यांनंतर दिसतो असं तेव्हा सांगितलं गेलं, पुढे त्या आकडेमोडीवरही वाद झाला. पुन्हा बघा: आधीच्या औषधाची माहीत असलेली इजा टळली, म्हणून ते सुरक्षित!

माझी गोळी बंद झाली. पाच-सहा आठवड्यांत क्रिएटिनिन 1.2 वर आलं, नशीब माझं. गुडघा अजून दुखतोच. व्यायाम करतो, शेक घेतो, लावायचं मलम आहे. अगदीच असह्य झालं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, सौ. दुधाचा हिशेब लिहितात त्याच चौकोनात, गोळी घेतली त्या दिवशी मी एक फुली मारतो. या महिन्यात आतापर्यंत चार फुल्या आहेत.

चला, प्रश्न घेऊ या.