बळद, चोर आणि ओल: पासवर्डच्या तिजोरीची गोष्ट

आजचा भाग चिखलीच्या घरून रेकॉर्ड करतोय. मध्येच ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांत बळद असायचं. बळद म्हणजे धान्य साठवायला केलेली बंद जागा. वरून ज्वारी ओतायची आणि लागेल तशी खालच्या छोट्या तोंडातून काढायची. आजी म्हणायची, बळदाला दोन भीती: चोराची आणि ओलीची. चोर नेईल, नाहीतर ओल लागून दाणे आतच सडतील. पासवर्डचा इतिहास वाचताना मला आजीचं हेच वाक्य आठवत राहिलं.

आधी चोराचं बघू. 1961 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या टीमने एकच कम्प्युटर अनेकांना वापरता येईल अशी सिस्टीम केली. कोणाची फाइल कोणी बघू नये म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. पण सगळे पासवर्ड एकाच फाइलमध्ये, आणि तेही उघडे! 1962 मध्ये अ‍ॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला मशीनवर जास्त वेळ हवा होता. त्याने ती फाइल प्रिंटच करून घेतली. 1966 मध्ये तर चोराचीही गरज पडली नाही. दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड आले.

म्हणजे पहिल्या दिवसापासून धोका बळदालाच होता.

1979 मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी उपाय मांडला. पासवर्ड ठेवायचाच नाही. त्याचं पीठ करून ठेवायचं. पिठावरून ज्वारी परत होत नाही, पण तीच ज्वारी पुन्हा दळली तर तेच पीठ येतं, म्हणून पडताळणी होते. वर प्रत्येकाच्या पिठात वेगळं मीठ. शब्दही त्यांनी तोच वापरला, सॉल्ट. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं दिसतं. त्यांनी 3,289 पासवर्ड तपासले, तर त्यातले 86 टक्के एकतर फार छोटे किंवा सहज ओळखता येण्यासारखे निघाले. माणसं तेव्हाही आपल्यासारखीच होती बघा!

पुढे पासवर्ड इतके वाढले की खुद्द कॉर्बातो यांनी 2014 मध्ये कबूल केलं की तेही पासवर्ड कागदावर टाइप करून ठेवायचे. 1997 मध्ये ब्रूस श्नायर यांचा ‘पासवर्ड सेफ’ आला, 2003 मध्ये ‘कीपास’. पद्धत साधी: सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये, आणि तिची किल्ली म्हणजे मास्टर पासवर्ड फक्त तुमच्या डोक्यात.

मग 2022 मध्ये ‘लास्टपास’च्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांचा बॅकअपच चोरीला गेला. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा, त्यांचं कुलूप चोर घरी नेऊन निवांत फोडू शकत होता. तिथे ओटीपीही मदतीला येत नाही. वाचवतो फक्त लांब मास्टर पासवर्ड.

आता ओल. ही गोष्ट माझी.

बाबांचे सगळे पासवर्ड मी हौसेने डायरीतून काढून मॅनेजरमध्ये भरले. फाइल फक्त त्यांच्या मोबाइलमध्ये. मागच्या रब्बीत गव्हाला पाणी देताना मोबाइल विहिरीत गेला. बाबा एवढंच म्हणाले, “माह्या डायरीत लेहेलं असतं तं भेटलं असतं ना रे बापू.”

डुप्लिकेट सिम काढून बँक, ईमेल, पीकविमा सगळं परत उघडलं. एक सोडून. घरचे कागद आणि आजीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मी एका लॉक केलेल्या फाइलमध्ये ठेवलं होतं. तिचा पासवर्डही त्याच मोबाइलमध्ये. ती फाइल अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. आजी नाही. आणि ‘फरगॉट पासवर्ड’चं बटण तिथे नसतं. कुलूप पक्कं असणं म्हणजे काय, हे बी.टेक.मध्ये शिकलो होतो, कळलं तेव्हा.

म्हणून मंडळी, मॅनेजर वापराच, पण दोन्ही भीती सांभाळा. मास्टर पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या. गावाचं नाव आणि जन्मसाल नको. तो कुठेही दुसरीकडे वापरू नका. फाइलची कुलूपबंद कॉपी पेन ड्राइव्हवर आणि दुसऱ्या घरीही ठेवा. एक्स्पोर्ट करताना साधी सीएसव्ही फाइल निघाली तर ती कोणालाही वाचता येते, म्हणून डाउनलोडमध्ये पडू देऊ नका. मास्टर पासवर्ड आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून घरच्या कपाटात कुलपात ठेवा, आणि घरातल्या एकाला ते माहीत असू द्या.

आणि कॉपी ठेवलीय म्हणून निश्चिंत राहू नका. दुसऱ्या मोबाइलवर ती उघडून बघा. बळदात हात घालून दाणे कोरडे आहेत का, हे आजी अधूनमधून बघायचीच.

बाबांनी आता पुन्हा डायरी सुरू केलीय. तिच्यात एकच पासवर्ड आहे. भेटू पुढच्या भागात.